टी पेशी सक्रिय करताना: रक्ताच्या नळीपासून फ्लो सायटोमीटरपर्यंत

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रकल्प करणाऱ्या मुलांच्या हाती बहुतेक वेळा पानभर प्रोटोकॉल येतो: अँटी-सीडी३ लावा, अँटी-सीडी२८ घाला, चार दिवसांनी मोजा. (सीडी३ आणि सीडी२८ हे टी पेशीवरचे रेणू, आणि त्यांना धरणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे अँटी-सीडी३, अँटी-सीडी२८.) काय करायचं ते त्यात असतं, का करायचं ते नसतं. मग प्रयोग फसला की नेमका कुठे फसला हे शोधायला काही हाताशी उरत नाही. माणसाच्या रक्तातल्या टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रयोगशाळेत सक्रिय कशा करायच्या ते इथे क्रमाने दिलं आहे, आणि प्लेटमधली कुठली गोष्ट शरीरातल्या कुठल्या गोष्टीच्या जागी उभी आहे तेही सोबत सांगितलं आहे.

आधी शरीरात काय घडतं

रक्तातून आणि लसिका ग्रंथींमधून फिरणाऱ्या प्रत्येक कोऱ्या, म्हणजे अजून जंतूशी गाठ न पडलेल्या, टी पेशीवर तिचा स्वतःचा, इतरांहून वेगळा रिसेप्टर असतो. हा रिसेप्टर जंतूला थेट ओळखत नाही. जंतूच्या प्रथिनाचा छोटा तुकडा दुसऱ्या पेशीने एमएचसी रेणूवर ठेवून दाखवला, तरच तो ओळखतो. कॅनबेरामध्ये काम करताना रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं, आणि १९९६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. टी पेशींचे दोन मुख्य प्रकार आहेत: सीडी८ पेशी क्लास १ एमएचसीवरचा तुकडा पाहतात, सीडी४ पेशी क्लास २ वरचा. कोऱ्या पेशींना हा तुकडा दाखवण्याचं काम मुख्यतः डेंड्रायटिक पेशी करतात. त्या ऊतींमधून माल गोळा करतात आणि लसिका ग्रंथीत येऊन तो मांडतात.

हा झाला पहिला संकेत, आणि तो एकटा पुरत नाही. डेंड्रायटिक पेशीला जंतूची खूण पटली, तरच ती आपल्या पृष्ठभागावर सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू भरपूर प्रमाणात आणते. ते टी पेशीवरच्या सीडी२८ ला भिडतात, तो दुसरा संकेत. पहिला मिळाला आणि दुसरा मिळालाच नाही, तर टी पेशी नुसती गप्प राहत नाही. पुढे खरा जंतू समोर आला तरी ती प्रतिसाद देईनाशी होते. या अवस्थेला ॲनर्जी म्हणतात. १९८७ मध्ये मार्क जेंकिन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी रासायनिक प्रक्रियेने निष्क्रिय केलेल्या, म्हणजे तुकडा दाखवणाऱ्या पण दुसरा संकेत न देणाऱ्या पेशी वापरून हे सिद्ध केलं. स्वतःच्याच शरीराचे तुकडे पाहणाऱ्या टी पेशी आपल्यावर सहसा उलटत नाहीत, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

तिसरा संकेत सायटोकाइनांचा, म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात त्या संदेशवाहक प्रथिनांचा. पेशी सक्रिय झाल्यावर कुठल्या वाटेने जाणार हे तो ठरवतो. आयएल-१२ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, सायटोकाइनांचा एक गट) असेल तर सीडी४ पेशी इंटरफेरॉन-गॅमा बनवणाऱ्या प्रकाराकडे वळतात, आयएल-४ असेल तर दुसरीकडे. या लेखात त्यावर फार थांबणार नाही.

पेशीच्या आतलं चित्र मात्र नीट डोक्यात बसवा, कारण पुढचे सगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, त्यावरच उभे आहेत. रिसेप्टर जुळला की एलसीके हे एन्झाइम रिसेप्टरला जोडलेल्या सीडी३ च्या शेपट्यांवर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं, आणि थोड्याच वेळात पेशीत कॅल्शियम वाढतं. कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं आणि ते एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला केंद्रकात पाठवतं. दुसऱ्या फांदीतून एपी-१ आणि एनएफ-कप्पा-बी ही त्याच जातीची प्रथिनं येतात. सीडी२८ चा संकेत ही दुसरी फांदी बळकट करतो. आयएल-२ या टी पेशींना वाढवणाऱ्या सायटोकाइनचं जनुक जोमाने चालू व्हायला हे तिघेही लागतात. एनफॅट एकटाच पोचला तर पेशी ॲनर्जीकडे झुकते.

पहिली पायरी: परवानगी आणि रक्त

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रक्तदात्याची लेखी संमती याशिवाय सुई टोचायची नाही, प्रकल्प कितीही छोटा असो. प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असं धरूनच बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये काम करा, आणि हिपॅटायटिस बी ची लस आधी घेऊन ठेवा. स्वतःचं रक्त स्वतःच्या प्रयोगात वापरायचं नाही. त्या पेशींमध्ये काही बदल झाले आणि चुकून सुई टोचली गेली, तर आपलं शरीर त्यांना परकं मानेल याची खात्री नसते.

रक्त हिरव्या टोपीच्या हेपॅरिन नळीत घ्या. जांभळ्या टोपीच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि आपल्याला मोजायची आहे ती घटना कॅल्शियमवर चालते. धुण्यात ईडीटीए निघून जातं हे खरं, पण पर्याय असताना जोखीम कशाला? नळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड झालेल्या आणि शिळ्या रक्तातले ग्रॅन्युलोसाइट (आपल्याला नको असलेल्या पांढऱ्या पेशी) पुढच्या पायरीत पांढऱ्या थरात घुसतात. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि सहा ते आठ तासांत काम सुरू करा. २० मि.ली. रक्तातून साधारण दोन कोटी पीबीएमसी, म्हणजे टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट वगैरे एककेंद्रकी पांढऱ्या पेशी, मिळतात. खाली दिलेल्या प्लेटला तेवढ्या पुरतात.

दुसरी पायरी: फिकॉलवर पेशी वेगळ्या करणं

रक्तात तेवढंच पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) मिसळा. १.०७७ घनतेचं फिकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं जड द्रावण) नळीत आधी घ्या आणि त्यावर पातळ केलेलं रक्त थर न मोडता सोडा. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला लावायचं, आणि धार अशी की पहिले दोन मि.ली. जवळजवळ थेंबाथेंबाने उतरतील. लाल आणि रंगहीन भागांमधली रेघ धारदार दिसली पाहिजे. ती धूसर झाली असेल तर पुढे जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

मग ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) वर ३० मिनिटं, २० अंशांना, ब्रेक बंद. यातल्या दोन गोष्टी हमखास चुकतात. ४०० जी म्हणजे ४०० आरपीएम नव्हे. रोटरची त्रिज्या पाहून आकडा काढा आणि सेंट्रिफ्यूजवर चिकटवून ठेवा. आणि ब्रेक चालू राहिला तर थांबताना बसणाऱ्या हिसक्याने सगळे थर ढवळून निघतात.

बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, त्याखाली दुधट पांढरी रिंग, मग फिकॉल आणि तळाशी तांबड्या पेशी दिसतील. रिंग गोल गोल फिरवत पिपेटमध्ये घ्या. लोभ करून खालचं फिकॉल जास्त ओढू नका, ते पेशींना त्रासदायक असतं. दोनदा धुवा. दुसऱ्यांदा २०० जी वरच फिरवा, म्हणजे प्लेटलेट वरच्या पाण्याबरोबर निघून जातील. ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून मोजा. ९० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जिवंत असतील तर त्या दिवशी प्लेट लावू नका.

तिसरी पायरी: टी पेशी निवडणं, आणि हे का टाळू नये

बरेच जण ही पायरी वगळून थेट पीबीएमसी वापरतात. खर्च वाचतो, प्रतिसादही छान मिळतो. मग आलेखात दिसतं की नुसत्या अँटी-सीडी३ नेच पेशी भरपूर वाढल्या, अँटी-सीडी२८ ने फरक पडला नाही. विद्यार्थी गोंधळतो: पुस्तकात तर दोन संकेत लागतात असं लिहिलंय!

पुस्तक बरोबर आहे. पीबीएमसीमध्ये मोनोसाइट आणि बी पेशी असतात आणि त्यांच्यावर सीडी८० आणि सीडी८६ असतात. म्हणजे दुसरा संकेत वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) आधीच हजर आहे. शिवाय मोनोसाइट आपल्या एफसी रिसेप्टरने (अँटिबॉडीची शेपटी धरणाऱ्या रेणूने) अँटी-सीडी३ धरून ठेवतात आणि टी पेशीपुढे मांडतात. म्हणून पीबीएमसीमध्ये विरघळलेली अँटिबॉडीसुद्धा चालते, पण शुद्ध टी पेशींना ती प्लेटवर चिकटवून किंवा मण्यांवरूनच द्यावी लागते. दुसरा संकेत स्वतंत्रपणे पाहायचा असेल तर टी पेशी वेगळ्या काढण्याला पर्याय नाही.

त्यासाठी निगेटिव्ह सिलेक्शनचं मॅग्नेटिक किट घ्या, म्हणजे टी पेशी सोडून बाकी सगळ्यांना मणी लागतील आणि टी पेशी अस्पर्श राहतील. सीडी३ लाच मणी लावून टी पेशी धरल्या, तर ज्या रेणूवरून पहिला संकेत द्यायचा तोच आपण आधी हलवून ठेवतो. पंधरा-वीस लाख पीबीएमसी मात्र बाजूला काढून ठेवा, पुढे कंट्रोलला लागतील.

आणखी एक बारकावा. प्रौढ माणसाच्या रक्तात स्मृतिपेशीही, म्हणजे पूर्वी जंतूशी गाठ पडलेल्या टी पेशी, भरपूर असतात, आणि त्यांना सीडी२८ ची गरज कोऱ्या पेशींपेक्षा कमी पडते. त्यामुळे शुद्ध टी पेशींमध्येही नुसत्या अँटी-सीडी३ ला थोडा प्रतिसाद येईल. तो शून्य यावा अशी अपेक्षा ठेवू नका. अगदी स्वच्छ फरक हवा असेल तर कोऱ्या टी पेशींचं वेगळं किट मिळतं.

चौथी पायरी: प्लेटची आखणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि अँटिबॉडीची कुपी उघडण्याआधी द्या. वहीत ९६ वेलची चौकट काढून भरा. कडेच्या वेलमध्ये पेशी नकोत. तिथलं पाणी उडतं, म्हणून त्यात नुसतं पीबीएस.

मी पाच परिस्थिती ठेवायला सांगेन, प्रत्येकीचे तीन वेल, आणि सगळा संच दोनदा: एक २४ तासांच्या वाचनासाठी, दुसरा ९६ तासांच्या. पहिली परिस्थिती म्हणजे नुसत्या पेशी. दुसरी फक्त अँटी-सीडी२८. तिसरी फक्त अँटी-सीडी३, म्हणजे नुसता पहिला संकेत. चौथी दोन्ही. पाचवी दोन्ही अधिक सायक्लोस्पोरिन, २०० नॅनोग्रॅम प्रति मि.ली. किडनी बदललेल्या रुग्णांना दिलं जाणारं हे औषध कॅल्सिन्युरिन अडवतं. त्या वेलमध्ये वाढ थांबली तर बाकी वेलमधली वाढ खरोखर कॅल्शियम-एनफॅटच्या वाटेनेच आली, याचा तो पुरावा.

यांच्या जोडीला दोन पॉझिटिव्ह कंट्रोल. २४ तासांच्या संचात वाचनाआधी पाच तास पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयोनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. ही दोन रसायनं घालायची. हे दोन रेणू रिसेप्टरला वगळून थेट आतल्या दोन फांद्या चालू करतात. ९६ तासांच्या संचात बाजूला ठेवलेल्या पीबीएमसीवर पीएचए, ५ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. राजम्यातून मिळणाऱ्या या लेक्टिनने (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी, विभागायला लागतात हे पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये दाखवलं. तोवर लिम्फोसाइट म्हणजे वाढ संपलेली, निवृत्त पेशी असाच समज होता.

'फक्त अँटी-सीडी२८' हा वेल अनेकांना वाया घालवलेला वाटतो, कारण तिथे काहीच होत नाही. पण तिथे काही होत नाही हेच तपासायचं आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन१४१२ या अँटिबॉडीची मानवी चाचणी झाली. ही सीडी२८ वरची वेगळ्या जातीची अँटिबॉडी होती, पहिल्या संकेताशिवायच टी पेशींना सक्रिय करणारी. ज्या सहा निरोगी तरुणांना ती दिली, ते सगळे काही तासांतच सायटोकाइनच्या वादळात सापडले आणि अतिदक्षता विभागात गेले. सहाही जण वाचले, पण काहींना कायमचं नुकसान सोसावं लागलं. दिलेली मात्रा माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेवा भाग होती. ज्या स्मृतिपेशींनी माणसात वादळ उठवलं, त्यांच्यावर त्या माकडांमध्ये सीडी२८ नसतो, हे नंतर समजलं. आपण प्रयोगशाळेत वापरतो तो सीडी२८.२ हा क्लोन (अँटिबॉडीचा ठरावीक वाण) एकट्याने असं करत नाही. करत नाही याची नोंद तुमच्या प्लेटवर असली पाहिजे.

पाचवी पायरी: अँटिबॉडी चिकटवणं

अँटी-सीडी३ चा ओकेटी३ किंवा यूसीएचटी१ क्लोन घ्या, पीबीएसमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. करा, प्रत्येक वेलला ५० मायक्रोलिटर, आणि ३७ अंशांना दोन तास किंवा ४ अंशांना रात्रभर ठेवा. बफरमध्ये प्रथिन अजिबात नको. सीरम किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असेल तर प्लास्टिकवरची जागा तेच अडवून बसतं. अँटी-सीडी३ नसलेल्या वेलमध्ये तितक्याच प्रमाणात आयसोटाइप अँटिबॉडी (त्याच जातीची, पण टी पेशीवरचं काहीच न ओळखणारी) लावा.

कुपीवर सोडियम अझाइड लिहिलंय का ते पाहा. रंगकामासाठीच्या अँटिबॉडीत ते घातलेलं असतं आणि ते पेशींना मारतं. सक्रियतेसाठी अझाइड नसलेली, कमी एंडोटॉक्सिनची (जीवाणूंच्या कवचातलं, पेशींना चेतवणारं द्रव्य) कुपीच लागते.

मात्रेबद्दल माझा आग्रह आहे: पहिल्या वेळी ०.१, ०.३, १ आणि ३ मायक्रोग्रॅम अशा चार पायऱ्या करून पाहा. अँटी-सीडी३ फार जास्त झालं की पहिला संकेतच इतका जोरकस होतो की दुसऱ्याचा फरक झाकला जातो. सीडी२८ चं काम कमी मात्रेवर उठून दिसतं.

सहावी पायरी: पेशी घालणं

विभाजन मोजायचं असेल तर पेशी आधी सीएफएसई रंगात घ्या: २ मायक्रोमोलर, पीबीएसमध्ये, ३७ अंशांना दहा मिनिटं, मग सीरमवालं थंड माध्यम भरपूर घालून थांबवा. पेशी विभागली की रंग दोघींत निम्मा-निम्मा वाटला जातो, त्यामुळे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक पिढीचा वेगळा डोंगर दिसतो.

अँटिबॉडीचे वेल दोनदा धुवा, पण सुकू देऊ नका. पेशी आरपीएमआय १६४० मध्ये, १० टक्के निष्क्रिय केलेल्या सीरमसह घ्या, प्रत्येक वेलला एक लाख, एकूण २०० मायक्रोलिटर. जिथे हवं तिथे अँटी-सीडी२८ विरघळलेल्या रूपात, १ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. मग ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पहिले २४ तास, पीएमए घालण्याची वेळ सोडून, प्लेट हलवू नका. पेशीला तळाच्या अँटिबॉडीवर बसून राहायला वेळ लागतो.

सातवी पायरी: पाहणं आणि मोजणं

सायटोमीटरकडे धावण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पहिल्या दिवशी नुसत्या पेशींच्या वेलमध्ये छोटे, गोल, चकचकीत, सुटे ठिपके दिसतील. 'दोन्ही'च्या वेलमध्ये दोन दिवसांत द्राक्षाच्या घडासारखे पुंजके होतात, आणि त्यांच्या कडेच्या पेशी स्पष्टपणे मोठ्या, काही लांबट झालेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माध्यम गुलाबीचं पिवळसर होतं, कारण विभागणाऱ्या पेशी ग्लुकोज झपाट्याने जाळून लॅक्टिक आम्ल सोडतात. या दोन खुणा दिसल्या नाहीत तर सायटोमीटरही वेगळं काही सांगणार नाही.

सक्रिय झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर सीडी६९ सगळ्यात आधी येतं, काही तासांतच, आणि साधारण पहिल्या दिवसात शिगेला पोचून उतरतं. सीडी२५ म्हणजे आयएल-२ च्या रिसेप्टरचा एक भाग. तो २४ तासांनंतर चढत जातो. पहिलं विभाजन दिसायला एक-दीड दिवस लागतो, म्हणून सीएफएसई चौथ्या दिवशी वाचा. चौथ्या दिवशी सीडी६९ मोजून 'सक्रियता कमी आली' असा निष्कर्ष काढलेले प्रबंध आहेत. दोष पेशींचा नसतो, घड्याळाचा असतो.

रंगकामाआधी पुंजके पिपेटने हळूच फोडा. मेलेल्या पेशींचा रंग वापराच, मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी धरतात. सीएफएसई हिरव्यात आहे, तेव्हा त्या रंगाची अँटिबॉडी घेऊ नका. आणि टी पेशी निवडताना फक्त सीडी३ वर विसंबू नका: सक्रिय झालेली पेशी रिसेप्टर आणि सीडी३ आत ओढून घेते, त्यामुळे सर्वांत चांगला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच मोजणीतून गळतात. सीडी४ आणि सीडी८ वर निवडा.

कॉलेजात सायटोमीटर नसेल तरी हा प्रयोग होतो. ट्रिपॅन ब्लूने संख्या मोजा आणि वरचं माध्यम एलायझासाठी (अँटिबॉडी वापरून सायटोकाइन मोजण्याच्या चाचणीसाठी) ठेवा. फक्त आयएल-२ चा नमुना २४ तासांना घ्या. पुढे पेशी स्वतःच तो पिऊन टाकतात आणि जिथे प्रतिसाद सर्वांत चांगला तिथेच आकडा खाली दिसतो. इंटरफेरॉन-गॅमा ४८ ते ७२ तासांना घ्या.

काही जुळलं नाही तर

इथे कंट्रोल कामाला येतात. पीएमए-आयोनोमायसिनला पेशी उठल्या पण अँटिबॉडीला नाही, तर पेशी ठीक आहेत: चिकटवण्यात, कुपीत किंवा क्लोनमध्ये शोधा. पीएमएलाही उठल्या नाहीत तर पेशी किंवा माध्यम गेलेलं आहे. नुसत्या पेशीच विभागल्या तर सीरममध्ये किंवा माध्यमात एंडोटॉक्सिन किंवा जंतू आहेत का ते तपासा, किंवा दाता नुकताच आजारी होता का ते विचारा. 'फक्त अँटी-सीडी३' आणि 'दोन्ही' सारखेच आले तर अँटी-सीडी३ ची मात्रा उतरवा आणि निवडलेल्या टी पेशींत मोनोसाइट किती उरलेत ते सीडी१४ या त्यांच्या खुणेने पाहा.

पेशी पुढे वाढवायच्या असतील तर

९६ तासांनंतर पेशी अँटिबॉडीवरून उचलून नव्या वेलमध्ये न्या आणि आयएल-२ द्या, ५० ते १०० युनिट प्रति मि.ली. दर दोन-तीन दिवसांनी ताजं माध्यम घालून घनता ५ ते १० लाख प्रति मि.ली. राखा. अँटी-सीडी३ वर त्यांना दिवसेंदिवस ठेवलं तर त्या थकतात आणि मरू लागतात.

कार-टी या कर्करोगावरच्या उपचारातही (कार म्हणजे टी पेशीत बसवलेला कृत्रिम रिसेप्टर) रुग्णाच्या टी पेशी आधी अशाच अँटी-सीडी३ आणि अँटी-सीडी२८ ने जाग्या केल्या जातात, मग त्यांत नवं जनुक घालतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मंजुरी मिळाली. त्या कृत्रिम रिसेप्टरची रचना पाहा: बाहेर सीडी१९ ओळखणारा भाग, आत सीडी३ झीटाची शेपटी आणि तिला जोडलेला ४-१बीबी चा (सीडी२८ सारखा दुसरा संकेत देणाऱ्या रेणूचा) तुकडा. पहिला संकेत आणि दुसरा संकेत, एकाच रेणूत शिवलेले. नुसत्या झीटावर बनवलेले सुरुवातीचे कार रुग्णांमध्ये टिकले नाहीत. तुमच्या प्लेटवरच्या तिसऱ्या आणि चौथ्या परिस्थितीतला फरक तो हाच.

उरलेल्या पेशी ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये, मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत उतरवा, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलवा. परत काढल्यावर त्यांना रात्रभर माध्यमात विसावू द्या आणि मगच अँटी-सीडी३ वर घाला.